युद्धकाळातील मतभेद आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

देश युद्धात गुंतलेला असताना नागरिकाने सरकारवर टीका करावी काय, केल्यास ती कोणत्या मर्यादेपर्यंत करावी, आणि ही मर्यादा कोणी ठरवावी, हे लोकशाहीपुढील जुने व अवघड प्रश्न आहेत. शांततेच्या काळात भाषणस्वातंत्र्याचा पुरस्कार करणे सोपे असते. सीमेवर सैनिक धारातीर्थी पडत असताना मात्र मतभेदाचा साधा उच्चारही अनेकांना द्रोहासारखा वाटू लागतो. अशा वेळी सरकारच्या हाती असाधारण अधिकार येतात आणि लोकही ते अधिकार स्वखुशीने देतात. हे अधिकार कसे वापरले गेले आणि ते परत केव्हा गेले, याचा इतिहास महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्यातील एक धागा पुण्याच्या बुधवार पेठेतून जातो.

बुधवार पेठेचे नाव घेतले की दगडूशेठ हलवाई गणपती, जोगेश्वरी आणि आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आठवतात. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेले ग्रंथालय, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, याच पेठेत आहे. तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर फरासखाना पोलीस चौकी आहे. छापणारे, वाचणारे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे असे तिघेही या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी येथील किबे वाड्यातून एक इंग्रजी साप्ताहिक निघू लागले. त्याकडे वळण्यापूर्वी युद्धकाळातील मतभेदाचा पहिला मोठा खटला पाहणे आवश्यक आहे.

लोकमान्य टिळक आणि १९१६ चा खटला

मंडालेच्या कारावासातून लोकमान्य टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. दोन महिन्यांच्या आतच युरोपात महायुद्ध पेटले. टिळकांनी ऑगस्ट १९१४ मध्ये जाहीर निवेदन करून या संकटात सरकारला साह्य करावे, अशी भूमिका घेतली. सरकारने मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा करून स्थानबद्धतेचे व बंदीचे व्यापक अधिकार आपल्याकडे घेतले. वृत्तपत्रांकडून अनामत रक्कम मागणारा १९१० चा छापखाना कायदा आधीपासून होताच.

युद्धप्रयत्नांना पाठिंबा देणे आणि राज्यकारभारावर टीका न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे टिळकांचे म्हणणे होते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. त्यानंतर टिळकांनी १ मे रोजी बेळगावात आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरात मराठीतून भाषणे केली. सार्वभौम सत्ता वेगळी आणि तिच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, असा भेद त्यांनी श्रोत्यांना समजावून दिला. त्यासाठी त्यांनी वेदान्तातील निर्गुण ब्रह्म आणि माया यांच्या परिभाषेचाही आधार घेतला. सत्ता उलथून टाकण्याची ही भाषा नव्हती. कारभार लोकांच्या हाती द्यावा, ही ती मागणी होती.

२३ जुलै १९१६ हा टिळकांचा साठावा वाढदिवस. पुणेकरांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्याचा समारंभ योजला होता. त्याच दिवशी त्यांच्या हाती सरकारी नोटीस पडली. राजद्रोही भाषणे केल्याबद्दल चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी विचारणा तिच्यात होती. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १२ ऑगस्ट रोजी टिळकांनी स्वतः वीस हजार रुपयांचा जातमुचलका द्यावा आणि दोन जामीनदारांनी प्रत्येकी दहा हजारांची हमी घ्यावी, असा एक वर्षासाठी आदेश दिला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी मांडली. न्या. बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा यांच्या खंडपीठाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दंडाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. भाषण समग्र वाचले पाहिजे, इकडचे एक व तिकडचे एक वाक्य उचलून त्यावरून हेतू ठरविता कामा नये, संपूर्ण भाषणाचा श्रोत्यांवर स्वाभाविकपणे काय परिणाम होईल ते पाहावे, ही कसोटी न्यायालयाने लावली. काही वाक्ये आक्षेपार्ह वाटली तरी तिन्ही भाषणांचा एकूण रोख स्वराज्याच्या राजकीय मागणीचा आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. युद्ध ऐन भरात असताना, परकीय सत्तेच्या न्यायालयात, मराठी भाषणांच्या इंग्रजी भाषांतरावरून हा निर्णय झाला, हे त्याचे विशेष महत्त्व होय.

सरकारी दडपण यामुळे संपले नाही. १९१७ मध्ये टिळकांना पंजाब व दिल्लीत प्रवेशबंदी करण्यात आली. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली युद्धपरिषद भरली. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न स्वराज्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही, असे टिळक सांगू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले. टिळक परिषदेतून निघून गेले आणि न. चिं. केळकर यांनीही तोच मार्ग पत्करला. ऑगस्टमध्ये टिळकांच्या जाहीर भाषणांवर पूर्वपरवानगीची अट लादण्यात आली. सैन्यभरतीला अनुकूल असणाऱ्या नेत्यालाही गप्प बसविले गेले, कारण भरतीबरोबर तो हक्काची भाषा बोलत होता.

किबे वाडा आणि रौलट कायदा

टिळकांचा पक्ष जहाल मानला जाई. नेमस्तांचा मार्ग वेगळा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने गोखल्यांच्या पुण्यतिथीस, १९ फेब्रुवारी १९१८ रोजी, 'सर्व्हंट ऑफ इंडिया' हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे कार्यालय बुधवार पेठेतील किबे वाड्यात होते आणि ते आर्यभूषण छापखान्यात छापले जाई. पहिले संपादक होते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. किबे घराण्याचे नाव नंतरच्या पिढ्यांना आप्पा बळवंत चौकातील त्यांच्या मालकीच्या चित्रपटगृहामुळे परिचित झाले. १९३४ मध्ये सुरू झालेले 'प्रभात' ते हेच.

नेमस्तांचा युद्धाला पाठिंबा होता आणि त्यांची भाषा संयमी होती. सरकारशी बोलण्याचे दार उघडे ठेवण्यावर त्यांचा भर असे. परंतु युद्ध संपल्यावर त्यांच्यासमोरही तोच प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला होता. युद्धकाळापुरते म्हणून घेतलेले अधिकार आता सोडून देणे अपेक्षित होते. त्याऐवजी सरकारने चौकशीविना स्थानबद्धता आणि विशेष न्यायालये शांततेच्या काळातही चालू ठेवणारी रौलट विधेयके आणली. श्रीनिवास शास्त्री यांनी फेब्रुवारी १९१९ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकांना कसून विरोध केला. कायदेमंडळातील हिंदी सभासदांच्या विरोधाला न जुमानता मार्च १९१९ मध्ये कायदा संमत झाला. त्यानंतरचा सत्याग्रह आणि जालियनवाला बागेचा संहार सर्वज्ञात आहे. १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला.

जहाल आणि नेमस्त यांच्यातील मतभेद तीव्र होते. तरीही युद्धकालीन अधिकारांची मुदत युद्धाबरोबर संपली पाहिजे, यावर दोघांचेही एकमत होते. हा मुद्दा पुढे स्वतंत्र भारतातही वारंवार येणार होता.

पवनारचे भाषण आणि पुण्याला आलेली नोटीस

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. हिंदुस्थानातील कोणत्याही लोकप्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयनी देश युद्धात ओढला आणि भारत संरक्षण अध्यादेश त्याच दिवशी जारी झाला. या युद्धाविषयी महाराष्ट्रात एक मत नव्हते. नाझीवादाचा पराभव अत्यावश्यक मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सावरकरांनी तरुणांच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. कम्युनिस्टांनी सोव्हिएत रशियावरील आक्रमणानंतर याला 'लोकयुद्ध' म्हटले. काँग्रेसने विरोधाचा मार्ग धरला.

सप्टेंबर १९४० मध्ये गांधीजी सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना भेटले. युद्धात सहभागी होऊ नका, असे अहिंसक मार्गाने लोकांना सांगण्याचे स्वातंत्र्य असावे, एवढीच त्यांची मागणी होती. सदसद्विवेकबुद्धीने युद्धास नकार देणाऱ्या व्यक्तीने स्वतः लढू नये, पण इतरांचे मन वळवू नये, अशी व्हाइसरॉयची भूमिका होती. मत बाळगण्यास मुभा, मात्र ते मांडण्यास बंदी, असा त्याचा अर्थ होता. वैयक्तिक सत्याग्रहाचा जन्म या एका मुद्द्यातून झाला.

पहिले सत्याग्रही म्हणून आचार्य विनोबा भावे यांची निवड झाली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे त्यांनी युद्धविरोधी भाषण केले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. पंडित जवाहरलाल नेहरू यांना त्यांच्या नियोजित सत्याग्रहापूर्वीच अटक करून चार वर्षांची शिक्षा देण्यात आली. मे १९४१ च्या मध्यापर्यंत २५ हजारांहून अधिक सत्याग्रहींना शिक्षा झाल्या. आगाऊ सूचना देऊन, एकट्याने, शांतपणे बोलायचे आणि अटक करवून घ्यायची, असे या चळवळीचे स्वरूप होते. सरकारची अडचण करणे नव्हे, तर बोलण्याचा हक्क सिद्ध करणे हा तिचा उद्देश होता.

या घटनेचा पुण्याशी थेट संबंध आहे. १९३३ मध्ये सुरू झालेले गांधीजींचे 'हरिजन' साप्ताहिक तेव्हा पुण्यातून निघत होते. विनोबांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबर १९४० रोजी, 'हरिजन'च्या पुण्यातील संपादकांना सरकारी सूचना मिळाली. विनोबांच्या सत्याग्रहाशी संबंधित घटनांची हकीकत आणि त्यांच्या भाषणांचा वृत्तान्त दिल्लीतील मुख्य वृत्तपत्र सल्लागारांना दाखविल्याशिवाय छापू नये, असे तिच्यात म्हटले होते. परवानगी मागून छापण्यापेक्षा गांधीजींनी 'हरिजन' आणि त्याची भावंडे असलेली साप्ताहिके स्थगित केली.

१९१६ आणि १९४० यांची तुलना उद्‌बोधक आहे. टिळकांची भाषणे निदान न्यायालयाने वाचली. विनोबांचे भाषण लोकांनी वाचूच नये, अशी व्यवस्था करण्यात आली. शिक्षा बोलणाऱ्याला होते, परंतु प्रसिद्धिपूर्व तपासणीत शिक्षा वाचकाला होते, कारण बोलणारा बरोबर होता की चूक, हे ठरविण्याची संधीच त्याला मिळत नाही.

राजद्रोहाचा अर्थ: १९४२, १९४७ आणि १९६२

युद्धाच्या धामधुमीत एक महत्त्वाचा न्यायालयीन वाद झाला. निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने १९४२ मध्ये असे ठरविले की, केवळ सरकारविषयी कटू शब्द वापरणे हा राजद्रोह नव्हे, तर सार्वजनिक शांतता भंग करण्याची प्रवृत्ती त्यात असली पाहिजे. मुंबई प्रांतातील सदाशिव नारायण भालेराव यांच्या पत्रकांसंबंधीच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये हा अर्थ अमान्य केला. त्यासाठी टिळकांच्या १८९७ च्या खटल्यापासून चालत आलेल्या कठोर अर्थाचा आधार घेतला गेला.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात २० जानेवारी १९६२ रोजी फेडरल कोर्टाच्या उदार अर्थाकडे पुन्हा वळणे पसंत केले. सरकारवरील टीका कितीही जहाल असली तरी हिंसाचार अथवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा हेतू वा प्रवृत्ती तिच्यात नसेल, तर ती राजद्रोह ठरत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांत देशावर युद्ध कोसळले.

१९६२: आक्रमण, संसद आणि आणीबाणी

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठे आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखाली आणीबाणी जाहीर केली. अनुच्छेद ३५८ नुसार १९ व्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये, म्हणजे भाषणस्वातंत्र्यही, आपोआप निलंबित झाली. ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झालेल्यांपुरता बंद करण्यात आला. कायद्याचे नाव ओळखीचे होते: भारत संरक्षण कायदा.

याच वेळी उलट दिशेने जाणारी एक गोष्ट घडली. लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन भरले आणि अनेक दिवस उघड चर्चा झाली. सैन्याची अपुरी तयारी, शस्त्रास्त्रांचा तुटवडा आणि चीनविषयक धोरण यांवर कठोर टीका झाली. स्वपक्षीय खासदारांचा दबावही एवढा वाढला की, ७ नोव्हेंबरला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, व्ही. के. कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळाबाहेर पडावे लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस आजही अभिमानाने म्हणतो. हा बदल टीकेमुळे झाला, याची आठवण मात्र क्वचित ठेवली जाते. मंत्र्यावर टीका म्हणजे सैन्यावर टीका, असे मानून सर्वांनी मौन पाळले असते, तर संरक्षण खात्याची घडी त्या वेळी नव्याने बसविली गेली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी केली. लढाई महिनाभर चालली, परंतु आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. या काळात संरक्षण नियमांखाली अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत कम्युनिस्ट नेत्यांची व कार्यकर्त्यांची संख्या मोठी होती. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला होता, तरी पक्षात तीव्र मतभेद होते आणि जनमत संतप्त होते.

'अणूच्या अंतरंगात'

या स्थानबद्धांपैकी एक होते मुंबईचे प्रभाकर पांडुरंग संझगिरी. कारागृहात असताना त्यांनी शासनाच्या परवानगीने 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा शासनाने ती नाकारली.

संझगिरी यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. शासनाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: स्थानबद्ध व्यक्तीचे स्वातंत्र्यच हिरावलेले असते, नियमांनी जे दिले तेवढेच तिला मिळते, पुस्तक प्रसिद्ध करण्याचा हक्क नियमांत नाही, म्हणून तो नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका तपासली. पुस्तक निव्वळ शास्त्रीय स्वरूपाचे असून देशाच्या संरक्षणास वा सार्वजनिक सुव्यवस्थेस त्यापासून बाध येण्याचा संभव नाही, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी हस्तलिखित पाठविण्यास अनुमती देण्याचा आदेश दिला.

राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. के. सुब्बा राव यांनी ६ सप्टेंबर १९६५ रोजी दिलेल्या निर्णयात शासनाचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे सरकारने बहाल केलेल्या सवलती नव्हेत, ते स्वातंत्र्यावरील निर्बंध होत. ज्या गोष्टीवर निर्बंध घातलेला नाही ती करण्यास मज्जाव करणे म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा कायद्याच्या आधाराविना केलेला संकोच होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आणीबाणीत न्यायालयाचे दार बंद होते ते कायद्यानुसार झालेल्या कारवाईपुरते. कायदा ओलांडून केलेल्या कारवाईला ते संरक्षण नाही.

या निर्णयाचा दिवस लक्षात ठेवण्याजोगा आहे. ६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोर आघाडी उघडली. एका बाजूस रणगाडे पुढे सरकत होते आणि त्याच दिवशी देशाचे सर्वोच्च न्यायालय एका कैद्याच्या मराठी पुस्तकाच्या बाजूने निर्णय देत होते. त्यामुळे लढाईत तसूभरही बाधा आली नाही.

१९७१ नंतरचे धडे

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या हवाई हल्ल्यानंतर पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तरीही ही आणीबाणी उठली नाही. ती चालू असतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून दुसरी आणीबाणी आली. पुण्याच्या येरवडा कारागृहात मिसाखालील राजबंदी भरले. दोन्ही आणीबाण्या मार्च १९७७ मध्येच संपुष्टात आल्या.

या अनुभवातून १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' या कारणाऐवजी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. भाषणस्वातंत्र्याचे आपोआप निलंबन केवळ युद्ध अथवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीपुरते राहिले, आणि तेही आणीबाणीशी संबंध असल्याचे स्पष्टपणे नमूद करणाऱ्या कायद्यांपुरते. २० आणि २१ या अनुच्छेदांतील हक्कांची दाद मागण्याचा मार्ग कोणत्याही आणीबाणीत बंद करता येत नाही.

आणीबाणी नसताना १९ (२) हा अनुच्छेद लागू असतो. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी 'वाजवी' निर्बंध घालता येतात. यातील सार्वभौमता व एकात्मता हे शब्द १९६३ च्या १६ व्या घटनादुरुस्तीने घातले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे वेगळे केले. पहिले दोन कितीही अप्रिय असले तरी संरक्षित आहेत. कायद्याचा हात तिसऱ्या टप्प्यावर पोहोचतो.

इतर लोकशाह्यांचा अनुभव

अमेरिकेत पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या चार्ल्स शेंक यांची शिक्षा १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात मात्र तात्काळ बेकायदा कृत्यास दिलेली आणि तसे कृत्य घडविण्याचा संभव असलेली चिथावणीच दंडनीय ठरली. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, ३० जून १९७१ रोजी, त्या युद्धाविषयीची गोपनीय 'पेंटॅगॉन कागदपत्रे' छापण्यास वृत्तपत्रांना मुभा मिळाली. ब्रिटनमध्ये मे १९४० मध्ये, हिटलरच्या फौजा युरोप पादाक्रांत करीत असताना, हाउस ऑफ कॉमन्समध्ये नॉर्वेतील अपयशावर वादळी चर्चा झाली. तिच्यातून चेंबरलेन गेले आणि चर्चिल आले. नोव्हेंबर १९४१ मध्ये लिव्हर्सिज खटल्यात बहुमताने सरकारच्या स्थानबद्धतेच्या अधिकारास मान्यता दिली गेली. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच योग्य मानले.

मर्यादा कोठे असावी?

याचा अर्थ युद्धकाळात कोणतेही बंधन नसावे, असा नव्हे. सैन्याच्या हालचाली, तळांची माहिती, चालू कारवाईचे तपशील उघड करण्यास मनाई असणे रास्त आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या कारवाईचे थेट प्रक्षेपण केले आणि सीमेपलीकडील सूत्रधार ते पाहून हल्लेखोरांना सूचना देत राहिले. कसाब प्रकरणाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. जवानांचे प्राण धोक्यात घालणारी माहिती आणि सरकारच्या धोरणावरील मत यांत मूलभूत फरक आहे. पहिलीवर बंदी घालताना दुसऱ्याचा गळा दाबला जाऊ नये, ही खरी कसोटी होय.

आजचा प्रश्न वेगाचाही आहे. १९१६ मध्ये भाषण, नोटीस आणि निकाल यांत महिने गेले. आता समाजमाध्यमावरील चार ओळी काही तासांत लाखो लोकांपर्यंत जातात आणि अटकही तितक्याच वेगाने होते. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत पुण्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला अशा मजकुरावरून अटक झाली आणि महाविद्यालयानेही तिला काढून टाकले. तिने मजकूर काढून क्षमा मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिची सुटका करण्याचा आदेश दिला, महाविद्यालयाची कारवाई स्थगित केली आणि तिला परीक्षेस बसू देण्यास सांगितले. जामीन म्हणजे त्या मजकुराला दिलेली पसंती नव्हे. एका तरुण नागरिकाच्या चुकीचे उत्तर कारागृह आणि शिक्षणबंदी असू शकते काय, हा न्यायालयापुढील प्रश्न होता.

जुने राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात देशाची सार्वभौमता, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नाव बदलले तरी कसोटी जुनीच लावावी लागेल: मजकूर पूर्ण वाचला काय, त्यात चिथावणी आहे की मत आहे, आणि त्यातून नेमकी कोणती हानी संभवते?

टिळकांची भाषणे, विनोबांचे पवनारचे भाषण आणि संझगिरींचे हस्तलिखित यांत विषय, पक्ष आणि काळ यांचे काहीच साम्य नाही. तिन्ही वेळी सरकारने धोक्याचे कारण सांगितले. ज्या दोन वेळी कोणी तरी बसून मजकूर प्रत्यक्ष वाचला, त्या दोन्ही वेळी तो धोका सिद्ध झाला नाही. तिसऱ्या वेळी तो वाचूच दिला गेला नाही. युद्धाच्या बातम्यांनी मन अस्वस्थ असताना समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत वाचणे कठीण असते, हे खरे आहे. परंतु नागरिकाने एवढे केले, तर देशाच्या संरक्षणास बाध येत नाही आणि लोकशाहीचेही रक्षण होते.